घरच्या दोन सऱ्या

पिंपळवंडीच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत लग्नातल्या साड्या, दुसरीत भाजी. माझा नवरा राहुल पुढं जाऊन जागा धरून बसला होता आणि खिडकीतून मला लवकर चढ म्हणून खुणावत होता. आई मात्र पिशवीचा बंद सोडायला तयार नव्हती. मेथी आजच निवड, वांगी उद्याला ठेव, टोमॅटो खाली दाबू नको, असं मला तोंडपाठ असलेलं सगळं ती पुन्हा सांगत होती. वांग्यांना भोकं पडलेली, मेथीची तर पार चाळण झालेली. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. नव्या घरात सासूबाईंसमोर ही भाजी काढायची कशी? आईनं ते माझ्या तोंडावर ओळखलं असावं. "आळीनं खाल्लंय ना, मग माणसानं खायला हरकत न्हाई," ती म्हणाली, आणि कंडक्टरनं घंटी मारली.

तुमच्यातले जे तिकडंच राहिले त्यांना यातलं काही सांगायला नको. जे माझ्यासारखे चाकण, मोशी, भोसरीत येऊन पडले, त्यांच्या पोरांना मात्र सांगावं लागेल. आमच्याकडं रानात जे पिकतं ते बाजारासाठी, आणि बाजाराचं म्हणजे औषध मारलेलं. कीटकनाशक हा शब्द फक्त बाटलीवर असतो, आम्ही सगळे औषधच म्हणतो. पण विहिरीकडेच्या दोन सऱ्या घरच्या. माझे वडील, आण्णा, पाठीवर पंप घेऊन फवारत आले की तिथं नळी बंद करायचे, वारा कुठून आहे ते बघायचे आणि लांबून वळसा घालून पलीकडं जायचे. वारा विहिरीकडं वाहत असला तर त्या दिवशी फवारणीच नाही. आजोबांनी हाडाची काडं करून घेतलेलं ते रान, त्यातल्या या दोन सऱ्यांना आण्णा फार जपायचे.

आमच्याच नाही, आसपासच्या सगळ्यांच्याच रानात अशा घरच्या सऱ्या असायच्या. बौद्धवाडी असो की पाटलांचा मळा, याबाबतीत सगळ्यांचं एकमत. पाहुण्याला घरच्यातलं द्यायचं, व्यापाऱ्याला बाजारातलं. त्यावर कुणी कधी बोलायचं नाही. बाजारातलं खाणारी माणसं कोण, हा प्रश्न मला लहानपणी पडलाच नाही. ती कुठंतरी लांब राहतात एवढंच ठाऊक होतं. नंतर मीच तिथं राहायला गेले.

मोशीत राहुल कंपनीत आणि मी एका मोठ्या एसी दुकानात, भाजीच्या विभागात. सकाळी क्रेट उतरले की आमचं ग्रेडिंग सुरू. भोक असलेलं, वाकडं, डाग पडलेलं सगळं मागच्या रिजेक्टच्या क्रेटमध्ये. उरलेलं चकचकीत रांगेत लावायचं आणि वरून पाण्याचा बारीक फवारा सोडायचा. मग गिऱ्हाईक येतं. मी बाकी काही शिकले नसेन, पण माणसं भाजी कशी घेतात ते मला कुणी शिकवू नये. आधी डोळा जातो, मग हात, आणि मग ऑफरचा बोर्ड. तब्येतीचा नंबर फार मागं लागतो. एक बाई रोज मोबाइलवर काहीतरी ऐकत येतात आणि कुठली भाजी कशावर चांगली ते मलाच सांगतात. त्यांना शुगर आहे. पालकाची जुडी उलटीपालटी करतात, एक भोक दिसलं की नाक मुरडून परत ठेवतात. हिरव्या पानाचं स्टिकर असलेल्या प्लॅस्टिकमधली मग निमूटपणे टोपलीत टाकतात. ते पान बघितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मी काय बोलणार? मला पगार त्या चकचकीत रांगेचा मिळतो.

माझ्या घरात मात्र दुकानातली भाजी शिजत नव्हती. गावाकडं आमच्या शेजारच्या मळ्यातला टेम्पो आठवड्याला मोशीच्या मार्केटला यायचा, त्यात आईची पिशवी असायची. सासूबाईंनी पहिल्या दिवशी वांगं चिरून अळी दाखवली होती. महिनाभरानं त्याच विचारायला लागल्या, पिशवी आली का म्हणून.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना एकदा मी अर्धी जुडी मेथी दिली. काकूंनी ती खाल्ली, डोळे मिटले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की थेट गावाकडची, घरची भाजी मिळतेय. झालं. चार दिवसांत सगळ्या विंगमधून विचारणा. माझा धाकटा भाऊ नितीन टेम्पो घेऊन स्वतःच आला. गेटवर बायकांची ही गर्दी. कुणाला आजोळ आठवलं, कुणाला शेतातली न्याहारी. नितीन असा खुलला होता, की मला वाटलं, आता पोराचं चांगलं होणार.

तिसऱ्या खेपेला कुणाच्यातरी फ्लॉवरमधून अळी निघाली. फोटो ग्रुपवर. हिरवीगार, जिवंत, ताटलीत ठेवलेली. खाली रडक्या तोंडांची रांग. एकीनं लिहिलं, लहान मुलं आहेत आमच्या घरात, थोडी तरी जबाबदारी बाळगा. त्या दिवशी निम्मी भाजी परत आली. नितीन परत आलेले गड्डे उचलून उचलून टेम्पोत ठेवत राहिला.

पुढच्या आठवड्यापासून भाजी स्वच्छ यायला लागली. ग्रुपवर टाळ्या. काकू म्हणाल्या, बघ, सांगितलं की सुधारणा होते. त्याच टेम्पोतून आलेली आईची पिशवी मी घरी ओट्यावर उपडी केली. मेथीचं एकेक पान उजेडात धरलं. कुठंच भोक नाही. 

मी नितीनला फोन लावला. आधी म्हणाला हवा चांगली आहे, मग म्हणाला थंडीत अळी कमीच असते. मी खरं सांग म्हटलं तेव्हा बोलला, "ताई, लोकांना घरचं पायजे, पण घरच्यासारखं नको." मी विचारलं, मग घरात काय खाता? पलीकडं आधी मोटार बंद झाल्याचा आवाज आला. नंतर हळूच म्हणाला, "दोन सऱ्या सोडल्या की तिथनंच आळी सगळीकडं पसरती. सगळंच मारावं लागतं आता."

त्याचंही चुकलं असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पण मी सुट्टी काढली आणि गावाला गेले. नारायणगाव सोडलं की पूर्वी एसटीच्या खिडकीतून रानाचा ओला वास यायचा. आता गोडसर, नाकाला झोंबणारा वास येतो, आणि शेजारची माणसं सवयीनं तोंडाला रुमाल लावतात. विहिरीवर गेले तर घरच्या सऱ्या कुठं सुरू होतात ते मला कळेना. सगळं एकसारखं, हिरवं, गुळगुळीत. आण्णा बांधावर बसले होते. त्यांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोलल्यासारखी झाली होती. मी हात धरला तर त्यांनी काढून घेतला आणि थंडी कशी आहे तुमच्याकडं, असं विचारलं.

मला खरं भ्या वाटलं ते कोंबड्या बघून. आईच्या कोंबड्या दिवसभर रानात हिंडायच्या, आता दाराशी डालग्याखाली कोंडलेल्या होत्या. शेळीपुढं कोबीची वरची पानं टाकायला गेले तर आई धावत आली. "तिला घालू नको. मागं एक गेली." पानं तिनं उकिरड्यावर टाकली. आतला गड्डा मात्र चुलीपाशीच होता, संध्याकाळच्या भाजीचा.

घरात नितीनची बायको अर्चना होती, पाचवा सरून सहावा लागलेला. हे सगळं मी तिच्यापायी लिहितेय. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी कारण काही सांगितलं नाही, होतं कधी कधी असं, म्हणाले.  पण तेव्हापासून आई जे वाढायची ते आधी हातात घेऊन बघत बसायची. या खेपेला जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्त कमी आहे, हिरव्या पालेभाज्या भरपूर खायच्या. रानात पालेभाजी गुडघ्याला लागत होती आणि आईला तिच्यासाठी एक जुडी सापडत नव्हती.

आईनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. दारात पाटीत माती भरून मेथी लावली. ती उगवून वर आली आणि शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअर चालला, ट्रॅक्टरमागं लावलेला तो फवारणीचा मोठा पंखा. धुकं हळूहळू बांध ओलांडून अंगणात आलं. आईनं पाटी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी ती मेथी उपटून टाकली.

मी मोशीला परतल्यावर तिचा फोन आला. "येताना तिकडनं भाजी आण. अर्चनाला." मला आधी ऐकूनच घ्यावंसं वाटेना. पिंपळवंडीला, मोशीहून, भाजी? पुढच्या सुट्टीला मी दुकानातला पालक घेतला, हिरव्या पानाच्या स्टिकरचा, आणि आळेफाट्याच्या एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसले. मंचरच्या स्टँडवर एक म्हातारी शेजारी येऊन टेकली. पिशवीत डोकावून म्हणाली, "पावणं, उलटी गंगा झाली की." आणि मनापासून हसली. मलाही हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं.

आईनं पालक निवडायला घेतला तेव्हा मला राहवलं नाही. ज्या क्रेटमधून हा निघाला त्यावर आमच्याच भागातल्या एका गावाचं नाव होतं, ते मी सकाळी वाचलं होतं. म्हटलं, आई, हा पण आपल्याकडचाच असतो गं, फक्त फिरून येतो. ती थांबली नाही. देठ मोडत म्हणाली, "आसंल. पण ह्याच्यावर मारताना मी पायलं न्हाई ना. म्हणून हात चालतो." दुकानात मी इतकी माणसं बघितली, स्टिकर वाचणारी, मोबाइल ऐकणारी, ऑफर शोधणारी. आईसुद्धा त्यांच्याच रांगेत येऊन उभी राहील असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना तिनं एवढंच सांगितलं, की किडकी मिळाली तर बघ. तेव्हापासून मी रिजेक्टचा क्रेट चाळते. बरोबरच्या पोरी हसतात, म्हणतात, ताईंना सडकं आवडतं. सडकं पुष्कळ मिळतं. वाकडं, पिवळं, चेमटलेलं सगळं मिळतं. अळीनं खाल्लेलं मिळत नाही. या शनिवारी मिळालं. मेथीच्या एका जुडीत पानापानाला भोकं, अगदी आमच्या विहिरीकडेच्या मेथीसारखी. मी ती सुपरवायझरला विचारून घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि रविवारी पहिल्या गाडीनं निघाले. फाट्यावर उतरल्यावर घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

आईचा चेहरा असा मी लग्नानंतर बघितला नव्हता. जुडी हातात घेऊन ती दारातल्या उजेडात बसली, आण्णांना हाक मारली. "बघा, आळीनं खाल्लंय." आण्णाही उकिडवे बसले. मी तिच्या खांद्याला टेकून बसले आणि मला वाटलं, आपण घरी आलो. लोक विचारतात, आता गावाला काय उरलंय? माझ्यासाठी एवढंच उरलं होतं, आईच्या बोटांत भोकाचं पान, आणि त्या भोकातून येणारा अंगणातला उजेड.

आईनं सवयीनं पान उलटं केलं. मागच्या बाजूला, भोकाच्या अगदी कडेला, अळी होती. औषधानं काळी पडलेली, काडीसारखी ताठ. दुसऱ्या पानामागं तशीच. तिसऱ्याही.

आण्णा उठून बाहेर गेले.  आईनं नखानं अळ्या एकेक करून काढल्या, मेथी मिठाच्या पाण्यात घातली, पुन्हा पुन्हा धुतली. आतून अर्चनानं विचारलं, "आई, झालं का वो? लई भूक लागलीय." आईनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"झालं बाई, बस," आई म्हणाली आणि तिनं लसूण ठेचायला घेतला. अर्चनाला वाढलं. तिला एकटीला कसं जेवू द्यायचं, म्हणून मीही ताट ओढलं, मग आई बसली, नितीन आला, शेवटी आण्णाही हात धुऊन आले. आम्ही सगळे जेवलो. भाजी चांगली झाली होती.