पेल्यातलं पाणी

आज सकाळी बॉनेट उघडलं आणि पेट्रोलचा वास नाकात गेला. हे गेल्यापासून अंगणातली ही जुनी गाडी मीच अधूनमधून सुरू करते. आज चोक ओढला की चालत होती, सोडला की बंद पडत होती.

असंच एकदा किन्हवलीहून मुरबाडला लग्नाला निघताना झालं होतं. मी नवी साडी नेसून स्टिअरिंगपाशी बसलेले, पाय ॲक्सिलरेटरवर. उघड्या बॉनेटमागे हे दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

"जेटमंदी कचरा हाय."

कार्बोरेटरचा तो पेट्रोल सोडणारा बारीक जेट त्यांनी तोंडानं फुंकून साफ केला, परत बसवला. गाडी सुरू केल्यावर इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला आणि इंजिनाचा वेग जुळवायचा स्क्रू फिरवू लागले.

"पाय काढ गो."

"बंद पडंल."

"नाय पडायची. काढ."

मी पाय काढला. गाडी सावकाश गुरगुरत राहिली. त्यांनी मला खाली बोलावून पेला दाखवला. पाणी जराही थरथरत नव्हतं. लग्नाचा मुहूर्त टळत चाललेला, आणि हे पाणी बघत उभे. तेव्हा हसू आलं होतं.

आज जेट मीच फुंकला. ओठांना पेट्रोल झोंबलं. ॲक्सिलरेटरवर वीट ठेवून गाडी सुरू केली, इंजिनावर पेला ठेवला, वाकून स्क्रू फिरवला.

"पाय काढ गो," माझ्याच तोंडून निघालं.

वीट तिथंच होती.