मायचा वाफा, मास्तरांचा उंबर

‘तुमच्याकडं सावली काय छान पडते हो!’ असं आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरायचं. लातूरच्या उन्हात सावलीला नावं ठेवणारा माणूस येडाच म्हणायचा, हे मलाही कळतं. पण ती सावली आमची नव्हती. शेजारच्या मास्तरांच्या उंबराची होती. त्या सावलीनं माझ्या मायचं दोन वर्षांत काय केलं ते मी बघितलंय, म्हणून मला तिचं कौतुक सांगू नका.

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा मी नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो. शहराच्या कडेला, जिथं तोवर ज्वारी व्हायची, तिथं प्लॉट पडत होते. त्यातल्या एकावर आम्ही दोन खोल्या बांधल्या. घराच्या उगवतीला, घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, दहा-बारा फुटांची एक पट्टी मोकळी राहिली. बायको म्हणाली, फरशी टाकून घेऊ. तेवढ्यात गावाकडून माय आली.

गाव आमचं जळकोटच्या अंगाला. वडील गेले, त्यात पाऊस हुकला, तो पुढच्या वर्षीही हुकला. विहिरींनी तळ गाठला. माय जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत आलेली, स्वतःची म्हणून वीतभर जमीन तिला कधी मिळाली नव्हती. ती पट्टी बघून तिनं विचारलं, ‘ही आपलीच का?’ हाव, म्हणालो. ‘म्हंजी कुनाला इचारायचं काम न्हाई?’ न्हाई, म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी तोंड धुवायला बाहेर आलो तर बाई कुदळ घेऊन निम्मी पट्टी उकरून बसलेली.

लुगड्याच्या पदरात तिनं बी बांधून आणलं होतं. अंबाडी, चुका, मिरच्या, वांगी, दोडका. नळ तेव्हा चार दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. माय भांडी घासलेलं पाणी गाळून ठेवायची, तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं ठेवायची, आणि मी आंघोळ करताना साबण कमी लाव म्हणून दारातून ओरडायची. पहिल्या हिवाळ्यात त्या पट्टीवर इतकी वांगी लागली की मी डब्यातून कचेरीत नेऊन वाटली. तिनं मला सांगितलं, ‘सायबाला सांग, माझ्या मायच्या रानातली हायेत.’ रान! दहा फुटांची पट्टी, पण तिचा चेहरा असा होता की मी साहेबांना अगदी तसंच सांगितलं.

आता मास्तर. भिंतीपलीकडं एका शाळेचे हेडमास्तर राहायचे. दत्ताचे भक्त, बोलायला साखरेचा पाक. मी कारकून असून मला ‘साहेब’ म्हणायचे. त्यांच्या आवारात भिंतीला चिकटून उंबर होता. आम्ही आलो तेव्हा तो भिंतीच्या वर डोकं काढत होता. त्या दुष्काळात सगळ्या कॉलनीची झाडं काट्या झाली, हा पठ्ठ्या मात्र हिरवागार. का नसणार? त्याची मुळं भिंतीखालून आमच्या पट्टीत आली होती. माय कुदळ मारायची तर मनगटाएवढं मूळ लागायचं. आमच्या खरकट्या पाण्यावर मास्तरांचा देव पोसला जात होता.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्यानं अख्खी उगवत झाकून टाकली. पट्टीला ऊन मिळायचं ते सकाळपासून दुपारपर्यंतच, दुपारनंतर आमच्याच घराची सावली. म्हणजे सकाळ गेली की सगळंच गेलं. मिरच्या नुसत्या उंच वाढल्या, फूल नाही. मेथी पिवळी पडून बसली. वर पिकलेली उंबरं पटापट वाफ्यात पडायची, कुजायची, माशा घोंगावायच्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मी मास्तरांकडं गेलो. आमच्याकडं आलेल्या दोन फांद्या तेवढ्या उतरवा म्हणालो. त्यांनी मला बसवलं, चहा दिला. चहाचा कप वेगळा होता का, हे मी बघितलं नाही असं म्हणणार नाही. बघितलं. नव्हता. मग म्हणाले, ‘साहेब, माझं काही नाही हो. तुमच्या मातोश्रींचे कष्ट मला दिसतात. पण औदुंबर आहे. दत्तगुरूंचं ठाणं. पाप कुणाच्या माथी घ्यायचं?’ हात जोडून बोलले. जोडलेल्या हातांशी माणसानं भांडायचं कसं?

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या पानटपरीवर पोचलो तर माझ्याकडं पाठ असलेला एक जण म्हणत होता, ‘ह्यांनी देव सोडलाच, आता देवाचं झाडबी सोडंनात.’ मी सुपारी न घेताच परतलो. अर्ज लिहायचं माझ्या मनात होतं, कलमं मला पाठ होती, अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार तो माणूस माझ्या डब्यातली वांगी खाऊन गेलेला. पण आम्ही बौद्ध. कॉलनीत आमचं एकच घर. भाजीचं भांडण मी सुरू करायचो आणि धर्माचं म्हणून संपायचं. सगळ्यांना ऊन पाहिजे असतं, आम्ही मागितलं की तो हल्ला ठरतो. मी मूग गिळून बसलो.

वाट मायनं काढली होती. खोटं कशाला बोलू, तिनंच काढली होती.

‘एक नारळ घे आन् मास्तरकडं जा,’ ती म्हणाली. ‘म्हनावं, झाडाची परवानगी मागू. जुनी रीत हाय. असलं झाड तोडायचं असलं की आदल्या सांजच्याला त्याच्यापुढं नारळ ठिवतेत, माफी मागतेत. त्याच्यावरल्या पाखरा-किड्याला सांगतेत, बाबांनो, दुसरं घर बघा. मंग दोष लागत न्हाई. आमी ल्हान असताना बघितलंय की.’

माझं टाळकं सणकलं. टपरीवरचं बोलणं अजून कानात होतं, त्याचा सगळा राग मी तिच्यावर काढला. ‘धम्म घेतलाय आपण, माय! नारळ, लिंबू, अंगारा, सगळं सोडून किती वर्षं झाली? त्यांच्या देवापुढं मी नारळ ठेवू? मान कापली तरी ठेवणार नाही.’

‘देवाला कोन द्यायलंय?’ माय शांतपणे म्हणाली. ‘त्या मानसाला द्यायचा. एकदा न्हाई म्हनून बसलाय त्यो. त्याला मागं फिरायला वाट नको का?’

‘तुला कळत नाही. गप बस.’

ती गप बसली. मी तेव्हा स्वतःवर खूश होतो. बायकोलाही ऐकवलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. तत्त्वाची किंमत दुसऱ्यानं मोजायची असली की माणूस लई ताठ उभा राहतो.

पुढं माय नुसती पायरीवर बसून राहायला लागली. हात मांडीवर. टीव्ही लावून देतो म्हणावं तर नको, देवळात जाणारी ती नव्हे, शेजारणींकडं जावं तर त्या तिला ‘या’ म्हणायच्या, ‘बसा’ म्हणायच्या नाहीत. एका सकाळी तिनं वाळलेली झाडं उपटून भिंतीच्या कडेला रचली, पट्टी साफ केली आणि मला म्हणाली, ‘मला येष्टीत बसवून दे.’ मी म्हणालो, गावाकडं प्यायला पाणी नाही, तू करणार काय तिथं? ‘बसून राहिलं की मानूस लवकर मरतंय,’ एवढंच बोलली. अहमदपूरच्या गाडीत तिला बसवून मी थेट कचेरी गाठली. थोडं बरंही वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

दीड महिन्यानं गावचा एक जण कचेरीत आला. बोलता बोलता म्हणाला, ‘तुमची माय हमीच्या कामावर हाय की. पाझर तलावावर.’ रोजगार हमीची कागदं आमच्याच दालनातून पुढं जायची. मी टेबलावर फायली उपसायचो आणि माझी माय त्याच कामावर माती वाहत होती. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, कोण हो, तुमच्या आई का? मी म्हणालो, नात्यातली आहे लांबची. असा मी.

आणि मग उंबर पडला. कुणी पाडला? मास्तरांनीच. नव्या जिल्ह्याची कोर्ट-कचेरी जवळ आली, रस्त्यावर माणसांची रांग लागली, मास्तरांच्या थोरल्याला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान काढायचं सुचलं. जागा नेमकी उंबराची. गुरुवारच्या दिवशी सांजच्याला भटजी आले. बुंध्यापुढं तांदळाची रास, हळदकुंकू, वर नारळ. ‘या वृक्षाच्या आश्रयाला जे कोणी असतील त्यांनी अन्यत्र जावं, आणि आम्हाला क्षमा असावी,’ असं भटजींनी मराठीतच म्हटलं, मी भिंतीअलीकडून शब्दन् शब्द ऐकला. शुक्रवारी सकाळी आठला करवत लागली, जेवायच्या वेळेला उंबर ट्रॅक्टरमध्ये होता. काम एका नारळाचं होतं.

मास्तर भिंतीशी आले. ‘चला साहेब, तुमचीही अडचण मिटली,’ म्हणाले, आणि भिंतीवरून खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. मी त्यांना वाट्टेल ते बोलायला पाहिजे होतं. पाप कुठं गेलं विचारायला पाहिजे होतं. मी हात पुढं केला, तुकडा घेतला आणि खाल्ला. गोड होता. मागं वळलो तर आमची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हानं भरलेली.

वरातीमागून घोडं, पण घोडं तर होतं. रविवारी पहिल्या गाडीनं मी निघालो. गावात उतरलो, घराला कडी. लोकांनी माळाकडं बोट दाखवलं. तिथवर दोन कोस चालत गेलो. वाटेत झाड म्हणावं असं एक नाही. तलावाच्या बांधावर बाया ओळीनं मातीची टोपली वाहत होत्या, तोंडाला पदर गुंडाळलेल्या, त्यामुळं सगळ्या सारख्याच दिसत होत्या. चालीवरून माय ओळखली.

‘माय, घरी चल,’ मी म्हणालो. ‘मास्तरनं उंबर तोडला. सगळा. आता सकाळपासून ऊन येतंय बघ पट्टीवर. लख्ख ऊन.’

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं, बांधाकडं बघितलं.

‘ऊन व्हय,’ ती म्हणाली. ‘ऊन हितंबी लई हाय, बाबा.’

आणि ती भरलेल्या टोपल्याकडं वाकली. मी ते उचलू लागायला पुढं झालो, तर मला थांबवून शेजारच्या बाईला म्हणाली, ‘तू लाव गं हात. त्याची कापडं भरतील.’