क्रेनवाल्याची लघवी

आमच्या साइटवर दाजींना सगळे बगळा म्हणतात. उंचावर एका जागी मान काढून बसलेले असतात म्हणून. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. सगळ्यात उंच क्रेनच्या केबिनमध्ये ते बसतात, आणि मी खाली उभा राहून वॉकीटॉकीवर त्यांना सांगतो, डावीकडे घ्या, थांबा, सोडा. तोंड माझं, हात त्यांचे. माझं तोंड जरा जास्तच चालतं, हे कोणीही सांगेल. पण त्या तपासणीच्या गाडीबद्दल मी जे सांगणार आहे त्यात पदरचं काही नाही.

दाजी आमच्या साइटवर आले तेव्हा सळ्या बांधायचे. मग वर चढायला लागले, शिकले, परीक्षा दिली, सरकारी कार्ड मिळवलं. त्या कार्डाशिवाय क्रेनच्या दांड्याला हात लावता येत नाही. ताईचं स्थळ त्यांना गेलं तेव्हा आमची आई म्हणाली होती, मुलगा बोलत कसा नाही? तर नाहीच बोलत. भलता लाजाळू माणूस. इतकी वर्षं संसार झाला, पण बायकोनेही त्यांना बनियनशिवाय पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे राहायला आले की सगळे झोपल्याशिवाय हा माणूस संडासाला जात नाही. दार वाजतं म्हणे. दारू नाही, विडी नाही. चहासुद्धा सुट्टीच्या दिवशी.

चहा सुट्टीच्या दिवशीच का, त्यालाही कारण आहे. वर केबिनमध्ये मोरी नाही. खाली उतरून परत वर चढायचं म्हणजे गुडघे बोलायला लागतात, आणि तोवर खाली सगळं काम खोळंबतं. बाकीचे ड्रायव्हर सरळ एक रिकामी बाटली सोबत नेतात आणि मोकळे होतात. दाजींना त्याची किळस. मग ते काय करतात, तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ओठ सुकतात, डोकं ठणकतं, पण थेंब नाही. संध्याकाळी खाली आले की नळाला तोंड लावतात. मी कितीदा म्हटलं, दाजी, मुतखडा होईल. ते नुसते हसतात.

तर सरकारने नवा नियम काढला. अवजड यंत्रं चालवणाऱ्यांच्या लघवीची अमली पदार्थांसाठी तपासणी, न सांगता, कधीही. एका दुपारी पांढरी गाडी फाटकातून आत आली. कोणाकोणाला बोलवायचं ते दाखवायला आमचा सुपरवायझर पुढे, आणि त्याच्या तोंडाला सकाळपासूनच वास. त्याला कोणी बाटली धरायला सांगितली नाही. दारू कुठल्याच वर्गात नाही ना. गाडीत भिंतीवर मोठा तक्ता लावलेला होता, पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग, आणि त्याखाली कशाकशाची नावं. पहिल्यात सापडलात तर पोलीस, दुसऱ्यात सापडलात तर कार्ड जप्त, तिसऱ्यात सापडलात तर उपचार. गांजा गेल्या वर्षापर्यंत दुसऱ्यात होता, या वर्षी तिसऱ्यात आणलाय. गांजा तोच, धूरही तोच, वरच्या कोणाचं तरी मन बदललं. आणि जिच्यावर सरकार कर खातं ती दारू तक्त्यात नाहीच. मी हे मोठ्याने बोललो तर सुपरवायझर म्हणाला, तुझं काय जातंय. माझं काय जातंय म्हणे.

दाजींना खाली बोलावलं. बाटली घेऊन ते आडोशाला गेले आणि तशीच रिकामी घेऊन आले. सकाळपासून पोटात पाणी नाही तर येणार कुठून? गाडीतला बाटलीवाला म्हणाला, "पाणी प्या. वेळ आहे अजून."

दाजी घाबरले. आयुष्यात कधी साहेबाच्या खोलीत न गेलेला माणूस तो. त्यांनी नळ सोडला आणि प्यायला लागले. मला वाटलं आता फुटतात. शेवटी एकदाची बाटली भरली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मूर्ख मी.

चार-पाच दिवसांनी निरोप आला, नमुना पातळ आहे. त्यात नशेचं काही सापडलं नाही, पण इतका पाणचट नमुना म्हणजे नशा धुऊन काढण्यासाठी मुद्दाम पाणी प्यालेला माणूस. तपासणीची गाडी पुन्हा आली तेव्हा मी तिच्यापाशी गेलो आणि म्हटलं, "अहो, तुम्हीच प्यायला सांगितलं ना?"

"थोडं प्या म्हटलं होतं. विहीर उपसा म्हटलं नव्हतं," बाटलीवाला म्हणाला.

असा राग आला होता की त्याचा तो तक्ता फाडून त्याच्याच बाटलीत कोंबला असता.

पुढचा नियम असा की नमुना पातळ निघाला तर दुसरा नमुना समोर उभं राहून घ्यायचा. म्हणजे कोणीतरी डोळ्यांनी बघणार. दाजींना. दुसऱ्या नमुन्याच्या आदल्या दिवशी ताईने मला फोन केला. म्हणाली, "त्यांनी जेवण सोडलंय रे. काय सांगू मी त्यांना?" मी म्हटलं, "सांग, डोळे मिटून घ्या." यापेक्षा शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

त्या दिवशी मी गाडीबाहेर उभा होतो. आत दाजी आणि बाटलीवाला. मला आतलं ऐकू येत होतं. बाटलीवाला शिट्टी वाजवत होता, मग म्हणाला, "करा की, माझ्याकडे नका बघू." पाणी होतं पोटात, लागलीही होती, त्यांनी नंतर मला सांगितलं, पण होईना. दिलेली वेळ संपली. दाजी बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. बाटलीवाल्याने कागदावर शिक्का मारला, नकार.

आता नकाराची गंमत ऐका. नकार म्हणजे नशेपेक्षाही मोठा गुन्हा. कार्ड रद्द, तेही कायमचं. गांजा ओढून सापडला असता तर उपचार घेऊन परत वर गेला असता, पण लाजला, म्हणून कायमचा खाली.

ऑफिसात कामगारांचं भलं बघायला एक तरुण साहेब आहे, आम्ही त्याला गुळाचा गणपती म्हणतो. त्याने आम्हा दोघांना बसवलं, दार लावलं आणि म्हणाला, "एक वाट आहे. नकार वरच्या ऑफिसात पोचायच्या आत तुम्ही स्वतःहून कबुली दिलीत तर नकार मागे पडतो. मग उपचार योजना लागते. तीन महिन्यांत कार्ड परत."

"कबुली कशाची?" दाजींनी विचारलं.

"तिसऱ्या वर्गातलं काहीही चालेल. गांजा लिहू? या वर्षी सोपा आहे तो."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, या माणसाने विडी पेटवलेली नाही आजवर. तुम्ही त्याला गंजेडी लिहिणार? दाजी, उठा. खड्ड्यात गेली क्रेन. आपण सळ्या बांधू, मीही बांधतो तुमच्यासोबत."

दाजी उठले नाहीत. मग म्हणाले, "मला वर जायचंय." आणि साहेबाला म्हणाले, "लिहा गांजा."

गुळाच्या गणपतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं कमी. तेव्हा माझ्या हातात काही असतं तर आज मी आत असतो.

तीन महिने दाजी दर आठवड्याला उपचार केंद्रात गेले, आणि कशासाठी जातात ते साइटभर झालं. तिथे गोल करून बसायचं आणि एकेकाने उभं राहून आपलं व्यसन कसं लागलं ते सांगायचं. दाजींना काही सांगता येईना तर तिथली बाई म्हणाली, अजून मनाची दारं बंद आहेत. शेवटी शेजारी बसणाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्यांनी आपली म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. ताईने हे मला रडत रडत सांगितलं. मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.

कार्ड परत आलं. पहिल्या सकाळी दाजी शिडी चढताना मी खालून बघत होतो. वर पोचल्यावर वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, "हं, सांग." बस, एवढंच. माझे डोळे भरून आले.

पहिला भार सळ्यांचा होता. भार जमिनीच्या जवळ, माणसाच्या उंचीवर आला की चार जणांनी चार कोपऱ्यांना हात लावून तो जागेवर बसवायचा असतो. वरून एवढं दिसत नाही, म्हणून हे हात लागतातच. दाजींनी भार आणला, थांबवला. मी हाताने खूण केली. मुकादम आणि त्याची माणसं जागची हलली नाहीत.

"धरा की," मी म्हटलं.

मुकादम म्हणाला, "नाही धरणार. गंजेड्याच्या हुकाखाली हात घालायचा नाही आम्हाला. बायकापोरं आहेत."

"अरे, इतकी वर्षं याच माणसाच्या हुकाखाली उभा राहिलास ना तू? कोणाचं बोट तरी चेंगरलं का? त्याने काही घेतलेलं नाही. सगळं खोटं आहे ते."

"मग कबूल कशाला केलं? न ओढता कोणी स्वतःला गंजेडी म्हणवून घेईल का?"

मी तोंड उघडलं. नेहमी चालणारं माझं तोंड. काय सांगणार होतो त्याला, लाज वाटली म्हणून? बाकीचे तिघे हसले असते. आणि वॉकीटॉकीचं बटण माझ्या मुठीत दाबलेलंच राहिलंय, वर दाजींनी सगळं ऐकलंय, हे मला तेव्हा कळलं.

मी पुढे झालो आणि एकट्याने एक कोपरा धरला. भार वाऱ्याने हळूहळू फिरत होता, आणि तो एकट्याला धरवत नाही. मी म्हटलं, "सोडा दाजी, हळूहळू."

वरून आवाज आला, "तू बाजूला हो."

"सोडा म्हणतोय ना."

"तुलाही बायकापोरं आहेत," दाजी म्हणाले. "तू हटल्याशिवाय मी सोडणार नाही."

मी कोपरा सोडला नाही. भार तसाच लटकत राहिला, मागचं काम अडलं, सुपरवायझर लांबून शिव्या द्यायला लागला. हुक तसूभरही खाली आला नाही. मग मी हात काढला आणि मुकादमाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.