आबांचा राहून गेलेला प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की संघरत्ना मोरीजवळच्या कोपऱ्यात फोन घेऊन उभी राहते. घरात रेंज येते ती तेवढ्याच जागेत. घसा खाकरते, पदर उगाचच सारखा करते, जणू पलीकडून कोणी बघतंय, आणि ग्रुपवर पाठवायचं रेकॉर्डिंग सुरू करते: "जय भीम, राम राम, नमस्कार. ज्याला जे चालतं ते त्याने घ्यावं. ऐका घरशाळेच्या बातम्या!"

घरशाळा म्हणजे शहापूर-मुरबाडकडची सात-आठ कुटुंबं. यांनी आपली पोरं शाळेत न घालता, किंवा शाळेतून काढून, घरीच शिकवायला घेतली आहेत. काही मुंबईकडून येऊन इथे जमीन घेऊन राहिलेली, काही इथलीच. एक घर उंबरमाळीच्या डोंगरात, एक सिद्धगडाच्या पायथ्याला, आणि संघरत्नाचं खर्डीजवळच्या बौद्धवाडीत. एवढ्या लांबलांबच्या घरांना बांधून ठेवतो तो हिचा आवाज. लहानपणापासून भीमजयंतीच्या स्टेजवर माइक धरलेला आवाज तो, झोपलेलं कुत्रंसुद्धा कान टवकारतं. लिहून पाठवलेलं कोणी वाचत नाही, पण संघरत्नाच्या बातम्या सगळे ऐकतात, काही जण तर दोनदा.

"उंबरमाळीच्या प्रज्वलचे पुढचे दोन्ही दात पडले आहेत, तरी त्याच्याशी बोलताना कोणी हसू नये. कोंडूदादांनी पोरांना मुरबाडच्या रानात शेवळं ओळखायला नेलं होतं, भाजी करून सगळ्यांनी खाल्ली, कोणाचीही जीभ खाजली नाही. रेश्माताईंच्या शेतावर लावणीला जे गेले, त्यांच्यापैकी कोणीतरी रेश्माताईंचे गमबूट घालून घरी आलंय. त्याने ते परत करावेत, नाव घ्यायला लावू नये."

अशी ही बाई. बारावी झालेली, नवरा अनिल भिवंडीच्या गोदामात कामाला, आणि पदरी एकच मुलगी. मुलीचं नाव नम्रता ठेवलं, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तशातली गत. चालायला लागल्यापासून पोरीने घर प्रश्नांनी डोक्यावर घेतलं. गोगलगाईला घर कोणी बांधून दिलं? आपण झोपल्यावर डोळे कुठे बघतात? अनिलने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, तेव्हा संघरत्नाला वाटलं, आता हिला उत्तरं मिळतील. झालं उलटंच. वर्षा-दीड वर्षात पोरीने प्रश्न विचारणंच सोडून दिलं. जेवायची, झोपायची, 'येस टीचर' म्हणायची. एकदा कोंबडीने अंड्यातून पिल्लू काढलं, ते समोर बघूनही नम्रता काही बोलली नाही. त्या दिवशी संघरत्ना मोरीत तोंड लपवून रडली आणि पुढच्या महिन्यात तिने पोरीला शाळेतून काढली.

अनिलला पटवायला दोन रात्री लागल्या. इंद्रजीतबाबांना कोण पटवणार?

इंद्रजीतबाबा म्हणजे संघरत्नाचे वडील, नम्रताचे आबा. हिचं माहेर आणि सासर एकाच वाडीत, मधे फक्त विहार. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष तेच, वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिथे रोज ग्रंथ वाचतात तेही तेच. नातीला शाळेतून काढल्याचं कळलं तसे ते तडक आले आणि ओट्यावर उभे राहूनच बोलले.

"आमाला दारात बसवलं, तरी आमी शाळा सोडली नाय. माझ्या बापाने मार खाल्ला त्या शाळेपायी. आन तू आत गेलेली पोरगी भायेर काढलीस? पोरगी परत शाळेत जात नाय, तवर तुझ्या घरचं पानी पिनार नाय मी."

बोलले तसं वागले. वर्ष होऊन गेलं. ओट्यावर यायचे, नम्रताच्या डोक्यावरून हात फिरवायचे, खाली मान घालून पावसापाण्याचं विचारायचे. संघरत्ना सवयीने तांब्या आणायची, तो तिथेच राहायचा. आई, शालन, तेवढी यायची, घटाघटा प्यायची आणि म्हणायची, "त्यांच्या वाटचं पन मीच पिते गो." हसायला यायचं, पण बाबा गेल्यावर संघरत्ना तो भरलेला तांब्या मोरीत ओतून पालथा घालायची. बाबांचं चुकलंय असं म्हणायची तिची छाती नव्हती. त्यांच्या जागी ती असती, तर तिनेही हेच केलं असतं. आणि तरीही पोरीला परत पाठवायला ती तयार नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही तिच्याच घरात नांदत होत्या.

या पावसाळ्यात घरशाळेवर संकट आलं. दर शनिवारी सगळी पोरं रेश्माताईंच्या शेतातल्या शेडमध्ये जमायची. एका वाऱ्यात शेडचे पत्रे उडून शेजारच्या भातात जाऊन पडले. बसायचं कुठे? वाडीत मोठं छप्पर एकच, विहाराचं. संघरत्नाने मन घट्ट केलं आणि वडिलांना विचारायला गेली.

इंद्रजीतबाबांनी बराच वेळ सुपारी कातरली. त्यांचीही एक अडचण होती, ती ते बोलत नव्हते. वाचनाला हल्ली माणूस येत नव्हतं. तरणी मंडळी कामावरून येईतो अंधार, राहिल्या चार-पाच म्हाताऱ्या, त्यांतल्या दोघी पहिल्या पानालाच पेंगायच्या.

"येऊ देत," ते शेवटी म्हणाले. "शनवारचं वाचन चार वाजता ठेवतो. पोरांनी आधी ते ऐकायचं, मंग तुमचं काय ते करा. कानावर पडेल तर सुदरतील."

त्या गुरुवारी संघरत्नाने बातम्या दिल्या, त्यात थट्टा एकही नव्हती. "पोरांना स्वच्छ कपडे घालून आणावे. आणि कृपा करून, कृपा करून, शांत बसवावे."

पण शांत बसायचं म्हणजे काय, हे त्या पोरांना माहीतच कुठे होतं! घरशाळेतलं पोर ते. आई भाकरी थापत असताना, बाप मोटार दुरुस्त करत असताना मनात आलं की विचारायचं, हीच त्यांची रीत. कोणी वाचत असताना मधे बोलायचं नसतं, ही शाळेतली पहिली अक्कल नम्रता केव्हाच विसरली होती, आणि बाकीच्यांना ती कोणी दिलीच नव्हती.

शनिवारी पांढऱ्या सदऱ्यात इंद्रजीतबाबा बसले. त्या दिवशी रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन गणांत पेटलेल्या भांडणाची कथा होती. पहिलं पान नीट गेलं. आणि मग प्रज्वल दातांच्या खिंडारातून मोठ्याने म्हणाला, "मग पाणी कोणाला मिळालं?"

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "पुढं येतंय."

"पुढे म्हणजे कधी?"

"आणि आबा," नम्रता उठून उभीच राहिली, "दोघांना सारखं वाटायचं तर नदीचं पाणी मोजायचं कसं? ती थांबत तर नाय!"

पेंगणाऱ्या दोघी म्हाताऱ्या खडबडून जाग्या झाल्या. विहारात आजवर असं घडलं नव्हतं. बाबांनी ग्रंथ मिटला, त्याला हात जोडले आणि उठले. दारात संघरत्ना उभी होती.

"यांना कोनी सांगितलं नाय, मधे बोलायचं नसतं?"

"नाय बाबा," ती म्हणाली. खोटं बोलून काय उपयोग होता?

ते छत्री उघडून निघून गेले. संघरत्ना तिथेच पायरीवर बसली. विहार गेला, आणि बाबा जे ओट्यापर्यंत तरी येत होते तेही गेले, असं तिने धरूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन आली ती हसतच. "काय केलात गो तुमी त्या मानसाचं? रातभर पुस्तक घेऊन बसलेले. मला उठवून विचारतात, नदी मोजायची कशी."

पुढच्या शनिवारी विहारात बसायला जागा नव्हती. 'पोरांनी इंद्रजीताला अडवला' ही बातमी वाडीत संघरत्नाच्या आवाजाशिवायच पसरली होती, आणि तमाशा बघायला निम्मी वाडी आली होती. बाबा आले, बसले. ग्रंथ उघडला नाही.

"पानी कोनाला मिळालं," ते प्रज्वलकडे बघून म्हणाले, "ते मी परत वाचून बघितलं. लढाई टळली, एवढं हाय. पानी कसं वाटलं ते मला कुटं गावलं नाय. आन नदी मोजायची कशी, ते मला माहीत नाय."

इतक्या वर्षांत इंद्रजीतबाबांच्या तोंडून 'माहीत नाय' कोणी ऐकलं नव्हतं.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "शाळेत मलापन एक विचारायचं व्हतं. चौथीत व्हतो. गुरुजी म्हनाले, ढग समुद्राच्या पान्याचे होतात. आता समुद्र खारा. मंग पाऊस गोडा कसा? मी दाराशी बसायचो. हात वर केला. गुरुजी मानूस वाईट नव्हता, पन त्याची नजर दारापर्यंत यायचीच नाय. मी लय वेळ हात वर धरला, मंग दुखायला लागला, मंग खाली घेतला." त्यांनी पोरांकडे बघितलं. "तुमाला येतं काय कोनाला उत्तर?"

संघरत्नाचे डोळे भरून आले. हा माणूस तिचा बाप, सगळ्या वाडीला शाळेत जा म्हणून मागे लागणारा, आणि त्याच्या आत तो चौथीतला हात अजून वरच होता. तिला कधी कळलंच नव्हतं.

"माहीत नाय आबा," नम्रता म्हणाली. "बघून सांगते."

गुरुवारच्या बातम्या अशा होत्या: "येत्या शनिवारी वाचन झाल्यावर सगळ्यांनी माझ्या घरी यावे. समुद्र तयार करण्यात येणार आहे. गमबूट अजून मिळालेले नाहीत."

शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात पोरांची झुंबड उडाली. टोपात पाणी घेतलं, मीठ घातलं. प्रज्वलला समुद्र किती खारा ते माहीत नसल्याने त्याने अर्धी पिशवी ओतली. प्रत्येकाने बोट बुडवून चाखलं, तोंडं वाकडी केली आणि टोप गॅसवर चढला. वर थाळी झाकली. शालन आत येऊन बसली, आबा नेहमीसारखे ओट्यावर. "आत या ना, दिसणार कसं?" म्हणून नम्रताने त्यांचा हात ओढला, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते उंबरा ओलांडून आत आले. संघरत्ना गॅसच्या कडेला भिंतीला टेकून उभी होती. काही बोलली नाही. आपण बोललो तर बाबा मागे फिरतील, असं तिला वाटत होतं.

पाणी उकळलं. पहिल्यांदा घाईघाईत थाळी उचलली तर सगळे थेंब परत टोपात. पोरं एकमेकांवर ओरडली. दुसऱ्यांदा नम्रताने फडक्याने थाळी धरली, हळूच तिरकी केली आणि आबांपुढे नेली. थाळीच्या पोटाला पाण्याचे थेंब लगडले होते.

"चाखा आबा."

शालनने संघरत्नाकडे बघितलं. संघरत्नाने शालनकडे. पोरांना शपथ-बिपथ काय ठाऊक! इंद्रजीतबाबांना मात्र ठाऊक होती. ते थाळीकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट पुढे केलं, थेंब टिपला आणि जिभेवर ठेवला.

"गोडं," ते म्हणाले. पुन्हा एक थेंब घेतला. "गोडं हाय रे!"

"मीठ खालीच राहतं आबा," नम्रता म्हणाली. "वर येतं ते नुसतं पाणी."

बाबांनी मान डोलवली. मग वळून लेकीकडे बघितलं.

"पोरगी शिकतेय गो," ते म्हणाले. "मला वाटलं, तू तिला दाराशी नेऊन बसवलीस. चुकलं माझं. तांब्या आन."

संघरत्नाने माठात तांब्या बुडवला आणि काठोकाठ भरून बाबांपुढे धरला. बाबांनी तो उभ्यानेच तोंडाला लावला. घोट घेत राहिले, थांबेनात. शालनने पदर डोळ्यांना लावला.

"आबा," नम्रता खालून त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एवढी तहान कशी काय लागली तुम्हाला?"

बाबांनी तांब्या क्षणभर खाली घेतला.

"मधे बोलू नको," ते म्हणाले. "पानी पितोय."