मोहरबंद अर्क

त्या बाटलीच्या तोंडावर लाख ओतून मोहर मी स्वतःच्या हाताने केली होती. पेन्शनीत इतकी वर्षे काढूनही ते विसरता आलेले नाही.

मी तेव्हा पश्चिम खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्यात फौजदार होतो. बांधाच्या भांडणात एका तरुण शेतकऱ्याच्या उजव्या दंडावर कोयत्याचा घाव बसला. जखम भरली, पण आतली नस दुखावल्याने पंजा लुळा पडला. मारणारा धुळ्याच्या तुरुंगात कच्च्या कैदेत होता आणि त्याच्याविरुद्ध साक्षीदार एकच, हा जखमी.

एका सकाळी जखमीचा थोरला भाऊ धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, आरोपीनी माय मन्हा भाऊले चोरीछुपी इख पाजी ऱ्हायनी!"

विषाने साक्षीदार मेला की तिचा मुलगा सुटला, हे मला लगेच पटले. दुपारी दोन पंच घेऊन जखमीच्या शेतावर गेलो. खोपीत आरोपीची म्हातारी आई त्या लुळ्या हाताला तेल चोळत, एकेक बोट सरळ करत बसली होती. शेजारी काळपट अर्काची बाटली. पाहून मी चक्रावलो, पण पंचनामा करून बाटली जप्त केली.

जखमीचा जबाब मी भावासमोरच घेतला. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "बोटेसमा मुंग्या येतस. हात फुरफुरस."

काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, विषाने अंगाला झटके येतात, हे मी वाचले होते. लक्षण हाती लागले म्हणून मी खूश झालो! जबाबावर त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.

म्हातारीला तीन दिवस ठाण्यात बोलावून विचारले, दरडावले. तिचे उत्तर बदलले नाही.

"मन्हा पोऱ्यानी तोडं, मी जोडस. निर्गुडी नि आस्कंदना अर्क शे तो. द्या, आठेच पेस."

पुरावा संशयितालाच पिऊ देणारा फौजदार मी नव्हतो.

"मंग माले कोंडा," ती हात जोडून म्हणाली, "पन त्याना हात चोळाले कोनले तरी बसाडा."

मी तिला अटक केली, पण हात चोळायला कोणालाही बसवले नाही. तिला जामीन मिळाला तो जखमीजवळ फिरकायचे नाही या अटीवर, आणि ती अट मीच मागितली होती.

मुंबईच्या रासायनिक परीक्षकांचा अहवाल यायला चार महिने लागले. विष नाही, वनस्पतींचा अर्क. तोवर जखमीची बोटे तळहातात आवळून बसली होती. त्याला धुळ्याला सिव्हिल सर्जनकडे नेले. जबाब वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"फौजदार, मुंग्या येत होत्या म्हणजे नस जागी होत होती. तो गुण अर्काचा की शरीराचा, मला सांगता येणार नाही. पण चोळणे आणि बोटे हलवणे थांबायला नको होते."

बाहेर येऊन मी त्या तरुणाला जवळजवळ ओरडूनच विचारले, "अरे, बरं वाटत होतं तर बोलला का नाहीस?"

"भाऊ बाजूले बठेल व्हता, साहेब. तिना हातनं पानी बी पेवानं नही, अशी त्यानी ताकीद व्हती." मग हळूच म्हणाला, "आन बरं वाटस का, ते तुम्ही इचारंच नही."

त्यानंतर नातेवाइकाला बाहेर घालवल्याशिवाय मी कोणाचा जबाब घेतला नाही, आणि प्रत्येकाला एक प्रश्न जास्त विचारला. हवालदार मागे हसत असत. अट उठल्यावर म्हातारी पुन्हा खोपीत जाऊन बसू लागली. थोरला भाऊच तिला हाताला धरून घेऊन गेला. अंगठा तेवढा हलू लागला. बाकीची बोटे उघडली नाहीत, आणि ती कोयत्याने नव्हे, मी मिटवली होती.