पूर्ण वाक्यात माग

नेरूळच्या शाळेत उज्वलाबाई इंग्रजी शिकवायच्या, तेव्हा पोरं त्यांना घाबरायची असं म्हणणं फारच मिळमिळीत होईल. त्यांच्या तासाला पोरांची वाचा बसायची. बाई मारायच्या मात्र नाहीत हं! आयुष्यात कुणावर छडी उगारली नाही, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! त्यांचा कायदा एकच. इंग्रजीच्या तासाला जे मागायचं ते पूर्ण वाक्यात मागायचं, आणि त्या आठवड्यात जे शिकवलंय ते वापरून मागायचं. पाणी प्यायचंय? वाक्य. बाहेर जायचंय? वाक्य. चुकलं की बाई अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "सिट डाऊन. विचार कर." मग सगळा वर्ग हसायचा आणि बाई त्याला हसू द्यायच्या.

आठवी 'ब'ला 'हॅव बीन' चालू होतं, त्या आठवड्यात गोजराला बाहेर जायची घाई लागली. गोजरा जवळच्या सारसोळे गावातली, कोळ्याची पोर. आई मासळीची पाटी घेऊन सेक्टरांतून फिरायची, बाप खाडीत. घरात सगळे 'पानी' आणि 'कोन' बोलणारे, तिथे हॅव बीन काय आभाळातून पडणार होतं? ती उभी राहिली, "बाई, आय बीन... आय हॅज..." म्हणाली आणि बसवली गेली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसवली गेली. तिसऱ्यांदा मात्र उठलीच नाही. तोवर बाकाखाली ओघळ गेला होता, आणि पुढच्या पोरीने पाय वर घेऊन किंकाळी फोडली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. फडकं मागवलं आणि गोजराच्याच हातात दिलं. तिने पुसलं. सगळा वर्ग बघत होता आणि ती गुडघ्यांवर बसून रडत रडत पुसत होती.

हे शनिवारचं. ती सोमवारी शाळेत गेली नाही, मंगळवारीही नाही. त्या आठवड्यात बाईंना फळ्यावर उदाहरण हवं होतं, त्यांनी लिहिलं: 'गोजरा हॅज बीन ॲबसेंट सिन्स मंडे.' वर्गाकडून ते तालासुरात म्हणून घेतलं. पोरांना काय, गंमतच! संध्याकाळी सारसोळ्याच्या गल्लीत तिच्या दारासमोरून पोरांची वरात निघाली, सगळी एका सुरात ओरडत, गोजरा हॅज बीन ॲबसेंट सिन्स मंडे. आईला कळेना पोरं काय बोलतात. तिला वाटलं, इंग्रजीत लेकीचं कौतुक चाललंय. ती दारात उभी राहून हसली. गोजराच्या काळजाला सगळ्यात जास्त घरं पडली ती त्या हसण्याने. शाळा तिथेच सुटली, ती कायमची.

आता बघा, नेरूळ ते केवढं! चुकवायचं म्हटलं तरी माणूस आडवा येतो. पुढे गोजराचं लग्न झालं, पोरं झाली, आईसारखीच तीही मासळी विकायला लागली, गुडघे धरायला लागले तशी तिने पाटी सोडली आणि एका ब्यूरोत नाव घातलं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना सांभाळायचं काम. हात हलका होता, किळस नव्हती, मागणी चांगली होती. एके दिवशी ब्यूरोने पत्ता दिला, ती जिना चढली आणि दारावरचं नाव वाचून तिथेच थबकली.

परत फिरता आलं असतं. ब्यूरोला सांगायचं, लांब पडतं, दुसरी बघा. संपलं. पण ती फिरली नाही. खरं सांगायचं तर तिच्या मनात इतक्या वर्षांनी काहीतरी उड्या मारायला लागलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

आत उज्वलाबाई पलंगावर पडल्या होत्या. लकव्याने उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, शब्द जिभेवर येऊन लोळायचा आणि तिथेच विरायचा. पण डोकं शाबूत, डोळे तर सुईसारखे. मुलगा अभय बेंगळुरूला. तो दोन दिवस थांबून सगळं लावून जाणार होता. "आई, या गोजराताई. आता ह्याच बघतील तुला."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, जसं भिंतीकडे बघावं तसं. पापणीसुद्धा हलली नाही.

गोजराला तेव्हा जे लागलं ना, ते त्या फडक्याहूनही जास्त लागलं. म्हणजे हिच्या खिजगणतीतही नाही मी! माझी शाळा गेली, आईच्या तोंडाकडे बघवेना असं झालं, आणि हिला आठवतसुद्धा नाही? त्या क्षणी तिने मनाशी धरलं. हिच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं, की तू मला ओळखतेस. बाकी काही नको.

आणि रस्ता तिला आयताच मिळाला. बोलणं सुधारायला एक मॅडम यायच्या, तरुण, हसऱ्या. त्यांनी गोजराला बाजूला घेऊन समजावलं, "लगेच हातात देऊ नका हं ताई. पाणी हवं असेल तर त्यांना मागू दे. एक शब्द आला तरी चालेल, पण तोंडातून आला पाहिजे. आणि त्या इंग्रजीच्या टीचर होत्या ना? मग त्यांच्या जुन्या पाठांतरातली वाक्यं घ्या. अशी वाक्यं लवकर परत येतात." बिचाऱ्या मॅडम! चांगल्या मनाने बोलून गेल्या.

अभय गेला त्याच दुपारी बाईंनी डाव्या हाताने ग्लासाकडे खूण केली. गोजराने ग्लास भरला, हातात धरला आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली.

"पानी पायजे? मागा की."

"पा... पा..."

"मराठीत नाय. पूर्ण वाक्यात. हॅव बीन लावून."

बाईंचे डोळे ग्लासावरून तिच्या तोंडावर आले. ओठाची चांगली बाजू थरथरली. "आ... आय..."

"आय हॅव बीन थर्स्टी सिन्स मॉर्निंग," गोजरा सावकाश म्हणाली. हे वाक्य तिला कुणी कधी नीट शिकवलं नव्हतं, पण जन्मभर तिच्या डोक्यात टोचत होतं. "म्हना."

"आय... है..."

"सिट डाऊन," गोजरा म्हणाली. आवाज गोड निघाला, तिला स्वतःलाच नवल वाटलं. "इचार करा."

पाणी दिलं तिने, नाही असं नाही. पण बऱ्याच वेळाने दिलं, आणि घोटभरच. त्या दिवशी रात्रपाळीची बाई आल्यावर ती जवळजवळ नाचतच घरी गेली. नवऱ्याने विचारलं, काय गं, आज भलतीच खुशीत? ती म्हणाली, पेशंट चांगला मिळाला.

मग हे रोजचंच झालं. पाणी हवं, वाक्य. कूस बदलायची, वाक्य. बेडपॅन हवा, वाक्य. बाई झुंजायच्या, घामाघूम व्हायच्या, कपाळावरची शीर टरारून यायची. कधी अर्धं यायचं, कधी नुसता घशातला आवाज. एकदा बेडपॅनसाठी "आय हॅव... आय हॅव..." चाललं होतं आणि चादर भिजली. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

गोजरा वाकून म्हणाली, "आता आठवलं? मी कोन हाय?"

बाईंनी मान भिंतीकडे वळवली.

चादर कोण बदलणार? गोजराच. पाठ पुसून घ्यायची, पावडर लावायची, ओली चादर बादलीत टाकून धुवायची, तीही गोजरानेच. साबणाच्या फेसात हात घालून बसली की तिला लाज वाटायची, खरंच वाटायची. बस झालं, उद्यापासून सरळ पाणी द्यायचं, असं ठरवायची. आणि दुसऱ्या दिवशी ते भिंतीसारखं बघणं दिसलं की परत ग्लास हातात धरून खुर्चीवर बसायची. नुसतं नाव घे माझं. तेवढंच घे.

गंमत अशी की बाई सुधारत होत्या. थेरपीच्या मॅडम तर हरखून गेल्या. "ताई, काय मेहनत घेता हो तुम्ही!" म्हणाल्या. गोजरा खाली मान घालून उभी राहिली.

रविवारी अभयचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन गोजरा धरायची, बाईंच्या तोंडासमोर. त्या रविवारी बाईंनी सकाळपासून पाणी मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं. भरलेला ग्लास गोजराच्या दुसऱ्या हातात तसाच होता.

"आई, मॅडम म्हणाल्या तू वाक्यं बोलायला लागलीस! मला ऐकव ना एक. कुठलंही."

आता ही सांगणार. पाणी देत नाही म्हणून सांगणार. गेलं काम, आणि ब्यूरोतून नाव गेलं ते वेगळंच.

बाईंनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. फोनच्या वरून त्यांनी सरळ गोजराच्या डोळ्यांत बघितलं. ओठ ओला केला. आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत, वर्गात फळ्याकडे पाठ करून उभ्या राहून बोलायच्या अगदी त्या सुरात म्हणाल्या,

"गोजरा... हॅज बीन... ॲबसेंट... सिन्स मंडे."

तिकडे अभयने टाळ्या वाजवल्या. "अगं आई, त्या तर समोर उभ्या आहेत! पण वाक्य काय परफेक्ट! गोजराताई, कमाल केलीत तुम्ही. जे करताय ते असंच चालू ठेवा हं, काही बदलू नका."

"हो," गोजरा म्हणाली.

कॉल संपला. बाईंच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली होती. त्या हसत होत्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं हिला. मी दारात उभी राहिले तेव्हाच ओळखलं हिने. तहानेने जीव कासावीस झाला, अंथरूण ओलं झालं, तरी नाव म्हणून घेतलं नाही, आणि घेतलं ते असं.

गोजराच्या कानांत गल्लीतली पोरं ओरडायला लागली, आणि दारात उभी राहून हसणारी आई दिसली. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण या बाईसमोर ती एकदा रडली होती, तेवढं पुरे होतं.

"पा... पाणी," बाई म्हणाल्या. हसणं ओसरलं होतं.

गोजराने ग्लास तोंडाला लावला आणि सगळा स्वतः प्यायली. मग परत काठोकाठ भरला आणि स्टुलावर ठेवला, पलंगाच्या उजव्या अंगाला, जिथला हात हलत नव्हता.

"इचार करा," ती म्हणाली, आणि कालची चादर धुवायला मोरीत गेली.