न पाहिलेले चार थर

साहेबांनी माझ्या चार फिल्मांतली एक कोपऱ्याला दोन बोटांत धरली आणि दुसऱ्या हाताने नाक दाबलं.

"हे काय, पापलेट काढलंस?"

सगळं टेबल हसलं.

मी सातपाटीची, कोळ्याची. चौथी शिकलेली. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, त्या वर्षांत बोईसरच्या एका शेडमध्ये सर्किट बोर्ड बनायचे. पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून विजेच्या वाटा आखायच्या. एक फिल्म म्हणजे एक थर. असे चार थर दाबून एक बोर्ड. मला झाडायला ठेवलं होतं. शिकलेल्या मुली टिकेनात, म्हणून पट्ट्या लावायला बसवलं. लिंबाने हात घासून जायची, तरी वासाचं रोज ऐकायची.

तो बोर्ड गोल डब्यात बसायचा होता, मधून दांडा जाणारा. साहेबांचे चारही थर चौकोनी, कोपरे छाटलेले. वाटांना जागा पुरेना. मी जेवणाच्या सुट्टीत फिल्मच्या उरलेल्या तुकड्यांवर चार थरांना चार आकार दिले. एक बांगडीसारखा, एक दांड्यापाशी खोल कापलेला, मधले दोन एका अंगाला पसरट. बरोबर होतं की चूक, मला आजही ठाऊक नाही.

"पट्ट्या उकल," साहेब म्हणाले. "आणि टेबल पूस. वास मारतोय."

मी पट्टीला हात लावला नाही.

"साहेब, पयलं एकावर एक ठेवून बगा. चुकलं असंल तर उकलते."

"तू मला शिकवणार?"

"नाय. बगा म्हनते."

"उद्यापासून येऊ नकोस."

माझ्यादेखत शेजारच्या मुलीने पट्ट्या उकलल्या. त्यांचा काळा गोळा करून टाकून दिला. तिने मान वर केली नाही.

घरी आय सुकट निवडत होती. ऐकून म्हणाली, "मच्छीचा पन गिऱ्हाईक कल्ला उचलून बगतं, मंग नाय म्हनतं. तुजं तर कोनी बगितलं पन नाय." मग म्हणाली, "उद्या पालघरच्या बाजाराला चल. बसून काय करशील?"

तसं काम पुन्हा मिळालं नाही. कोणी देणारही नव्हतं. शिकलेलं हातातून गेलं. जन्म मासळीच्या पाटीमागे गेला.

नात म्हणते, आजी, तुझं बरोबरच असेल. मला ती समजूत नको. चूकही असेल. पण चूक म्हणायला आधी बघावं लागतं.

न बघता उकल म्हणणाऱ्याचं मी तेव्हा ऐकलं नाही. त्यापायी उपास काढले. आणखी काढीन. ऐकणार नाही.